तेलाचा पहिला आकडा

ओल कलू
१२ जून २०१६

प्रिय मामा,

सप्रेम नमस्कार. मामीला वेगळं पत्र लिहीत नाही, कारण हे तीच वाचून दाखवणार आणि उत्तरही तीच लिहिणार, हे मला ठाऊक आहे.

पेट्रोल पंपामागची जागा आता गॅरेजसारखी दिसायला लागली आहे. खड्डा तयार झाला, वर पत्रे चढले. कामं मात्र अजून पंक्चर आणि ब्रेकची. पंपावरचे लोक अधूनमधून येऊन विचारतात, "मेकॅनिक कुठे गेला?" मी हातातला पाना दाखवते. तरी ते माझ्या पाठीमागे बघत राहतात.

पण परवा गुरांचे डॉक्टर, दक्तारी मुरिगू, आले. ते गायींचे कृत्रिम रेतन करतात. इथे घरोघरी दूध आहे. गाय माजावर आल्याचा निरोप मिळाला की त्यांना काही तासांत पोचावं लागतं, नाहीतर पुढचे एकवीस दिवस ती गाय आणि तिचा मालक दोघंही त्यांच्या नावाने हंबरतात. त्यांनी जपानहून आलेली जुनी फॉरेस्टर घेतली आहे, टर्बोची. चिखलात, चढावर ती गाडी बोकडासारखी जाते. चावी माझ्या हातात ठेवून ते म्हणाले, "पोरी, गाडी माझी आहे, पण गायी तीनशे घरांच्या आहेत. कोणतं तेल ओतायचं ते विचार करून ओत."

तेव्हापासून मी विचारच करते आहे. बोनेटच्या आत एक जपानी चिठ्ठी चिकटवलेली आहे. अक्षरं कळत नाहीत, पण आकडे कळतात : पाच, मधे इंग्रजी डब्ल्यू, मग तीस. दुकानदार मुथोनीकडे ते तेल आहे. मी डबा कलता करून बोटावर घेतलं. मामा, ते पाण्यासारखं पळतं. तुम्ही मला जन्मभर वीस-पन्नासचं दाट तेल ओतायला शिकवलं. माझ्या हातून या माणसाचा टर्बो गेला, तर इथे मला पुन्हा कुणी चावी देणार नाही.

तुमच्या शिस्तीप्रमाणे पत्राच्या तळाशी थेंब सोडला आहे, रात्रभर वाळवून. गाडीत आधीपासून होतं ते तेल. थेंब कसा पसरला ते बघून सांगा, आणि नवीन कोणतं ओतू तेही सांगा. तोवर गाडी उभी आहे आणि दक्तारी भावाच्या मोटारसायकलवर फिरताहेत.

तुमची
वाकेशो


चांगम्वे, मोंबासा
१९ जून २०१६

वाकेशो,

बोलतोय मी, लिहितेय तुझी मामी. माझे हात तेलाचे आहेत.

यात विचार करण्यासारखं काय आहे? टर्बो म्हणजे सायलेन्सरकडे जाणाऱ्या गरम धुरावर फिरणारा भोवरा. मिनिटाला लाखावर फेरे. तापला की निखाऱ्यासारखा लाल होतो. त्याच्या दांड्याला आधार कशाचा? तेलाच्या पापुद्र्याचा, दुसऱ्या कशाचा नाही. तिथे तू पाणी घालणार? जपानी माणसाने चिठ्ठी जपानसाठी लिहिली आहे. हा आफ्रिका खंड आहे. वीस-पन्नास ओत. बंदरावरचे ट्रक, टॅक्स्या, मिशनच्या शाळेची बस, चाळीस वर्षं सगळ्यांना मी तेच पाजलं.

थेंब बघितला. काळा आहे, जुना माल आहे. काढून टाक.

दक्तारीला मोटारसायकलवरून उतरव, गायी हसत असतील.

तुझा मामा
म्वांबुरी

(आता हे माझं : तू जेवतेस ना वेळेवर? तिथे थंडी म्हणतात. तुझा मामा ठीक आहे. फक्त हल्ली पान्याचं एक सॉकेट हवं असलं की सगळी पेटी अंगणात उपडी करतो आणि वर मलाच विचारतो, "तेरा नंबर कुठे लपवलास?" जणू मी त्याची भाजी करणार होते. — मघोई)


ओल कलू
३ जुलै २०१६

प्रिय मामा,

तुमचं पत्र आलं त्याच दिवशी वीस-पन्नास ओतलं. फिल्टर नवा बसवला. मोजायची पट्टी तीनदा पुसून तीनदा बघितली.

पण एक गोष्ट तुम्हाला सांगायलाच हवी. परवा पहाटे मी दक्तारींबरोबर गेले. चाल कशी आहे ते कानाने ऐकायचं होतं. इथे जवळजवळ आठ हजार फुटांवर गवतावर पांढरं दहिवर गोठलेलं होतं, काच खरवडावी लागली. त्यांनी चावी फिरवली. इंजिन लागलं, पण तेलाचा लाल दिवा विझेना. मी मनात मोजलं. सहापर्यंत मोजलं, तेव्हा विझला. आणि तेवढ्या वेळात बोनेटखालून एक बारीक कुंई ऐकू आली, कुत्र्याच्या पिल्लाचा पाय दाबल्यासारखी.

मी म्हटलं, "दक्तारी, जरा थांबा, गरम होऊ द्या."

ते म्हणाले, "गाय थांबते का? ती सकाळी माजावर असते, दुपारी फक्त गाय असते." आणि फाटकातून निघाले ते थेट चढाला लागले. गोठ्यापाशी पोचल्याबरोबर चावी बंद, रेतनाचा फ्लास्क काखेत आणि आत. तापलेल्या टर्बोला श्वास घ्यायलाही वेळ नाही. दिवसाला असं आठ-दहा वेळा.

मला वाटतं, इतक्या थंडीत आपलं तेल घट्ट होऊन वेळेवर वर पोचत नसावं. मी चुकत असेन तर रागवा. थेंब खाली आहे.

वाकेशो


चांगम्वे
१० जुलै २०१६

वाकेशो,

थंडी, थंडी काय लावलं आहेस? विषुववृत्त तुझ्या गावाच्या जवळून जातं, शाळेत शिकली असशील. कुठलंही तेल सकाळी आळसावतं. माणूससुद्धा आळसावतो. तुझ्या त्या दक्तारीला सांग, दहा मिनिटं इंजिन चालू ठेवून चहा पी, मग निघ. कुंई म्हणे! कान पुसून घे.

थेंब बघितला. झकास आहे.

मी तुला लहानपणी डब्यावर बसवून शिकवलं, ते आता डब्यावरचे आकडे बघून मला शिकवायला लागलीस? तेल बदलायचं नाही.

मामा

(तो असं बोलला म्हणून असं लिहिलं. तुझं पत्र घेऊन तो अंगणात उन्हात जाऊन बसला होता. अर्धा तास कागद नाकाशी धरून होता. मी म्हटलं, "भाचीचं पत्र आहे, कोंबडीचा रस्सा नाही." हसला नाही. — मघोई)


ओल कलू
३१ जुलै २०१६

प्रिय मामा,

उशीर झाला, माफ करा. कामं वाढली आहेत. दक्तारींची गाडी बरी चालली आहे. त्यांच्या ओळखीने दुधाच्या गाडीचा मालकही आला.

खाली फॉरेस्टरचा थेंब सोडला आहे. कसा वाटतो ते कळवा.

मामीला सांगा, मी जेवते.

वाकेशो


चांगम्वे
७ ऑगस्ट २०१६

वाकेशो,

थेंब बघितला आणि बरं वाटलं. काय सांगत होतो मी? मधे काळाभोर, घट्ट, जागच्या जागी बसलेला. वीस-पन्नास असं टिकतं. तुझं ते पाणी असतं तर कागदभर पळालं असतं. आता कळलं ना? पुढच्या वेळी मुथोनी का कोण ती दुकानदारीण डबा दाखवायला लागली, तर तिला सांग, माझा मामा मोंबासात बसून कागदावरचा डाग वाचतो.

कान पुसलेस ते बरं केलंस.

मामा


ओल कलू
१४ ऑगस्ट २०१६

प्रिय मामा,

हे पत्र मी चार वेळा लिहिलं आणि तीन वेळा फाडलं.

ते वीस-पन्नास नव्हतं.

तुमचं "तेल बदलायचं नाही" आलं, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दिवा आठ मोजेपर्यंत विझला नाही. मी टर्बोकडे जाणारी तेलाची बारीक नळी सोडली. तिच्या पोकळ बोल्टमध्ये एक जाळी असते, करंगळीच्या टोकाएवढी, चहाच्या गाळणीचं बाळ म्हणा. ती अर्धी चिकट गाळाने भरलेली होती. गाळ जुन्या तेलाचाच असणार, तुमच्या तेलाचा नाही. पण उरलेल्या अर्ध्या भोकांतून ते घट्ट तेल पहाटे कसं जाणार? मी जाळी धुतली. तेल काढलं आणि चिठ्ठीवरचं पाच-तीस ओतलं. सकाळी चावी फिरवली, "एक" म्हणायच्या आत दिवा विझला. कुंई नाही.

हे मी तुम्हाला कळवलं नाही. "गाडी बरी चालली आहे" एवढंच लिहिलं आणि खाली थेंब सोडला. तुम्ही थेंब बघून ओळखाल, रागवाल, मग मी सगळं सांगेन, असं ठरवलं होतं. न सांगता सांगायचं होतं मला. हा भित्रेपणा आहे, आणि तुम्ही तो मला शिकवलेला नाही.

त्या तेलाची गोष्टही सांगते. डब्यामागे बारीक अक्षरात छापलेलं असतं. पहिला आकडा थंड इंजिनातल्या वागण्याचा. जितका लहान, तितकं ते थंडीत लवकर धावतं. दुसरा आकडा तापल्यानंतरच्या जाडीचा. म्हणजे पाच-तीस सकाळी पळतं म्हणून तापल्यावर पाणीच होतं असं नाही. चांगम्वेत पहाटेसुद्धा आपल्या पाठीला बनियन चिकटलेलं असायचं. तिथे पहिल्या आकड्याची कुणाला कधी गरजच पडली नाही. तुम्ही मला दुसरा आकडा शिकवलात आणि तो बरोबर शिकवलात. मी तो इथे घेऊन आले, जिथे गवत गोठतं.

आता मला ज्याची भीती वाटते ते. मामा, मी तुम्हाला पाठवला तो थेंब काळा नव्हता. तो फिक्या चहासारखा होता, आणि तुम्ही म्हणता तसा कागदभर पळालेला होता. शेंबडं पोरही सांगेल. मी सात वर्षांची असताना तुम्ही मला थेंब वाचायला शिकवलंत. तुम्हाला तो काळाभोर कसा दिसला?

उलट उत्तर देते आहे असं समजू नका. मला फक्त खरं काय ते सांगा.

वाकेशो


चांगम्वे
२१ ऑगस्ट २०१६

बाळ वाकेशो,

या वेळी बोलतेही मी आणि लिहितेही मीच.

त्याला दिसत नाही. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. ईस्टरपासून वाढला. माझा चेहरा त्याला दिसतो तो धुक्यात दिसतो. तो म्हणतो, "त्यात माझं नुकसान नाही." इतकं झालं तरी जीभ शाबूत आहे. बोल्ट हाताने चाचपून ओळखतो, म्हणून गिऱ्हाइकांना कळलेलं नाही. तुझे थेंब मात्र हाताने कळेनात. पहिले दोन अंदाजाने सांगितले, तिसराही अंदाजानेच. मी म्हटलं होतं, "मी सांगते ना कसा दिसतो ते!" तर म्हणाला, "तू भातात मीठ किती ते सांग." मी गप्प बसले, तेवढं माझंही चुकलं.

इस्पितळात जा म्हणून मी किती मागे लागले. ऑपरेशन सोपं असतं, शेजारच्या म्हातारीने करून घेतलं, आता ती माझ्या कोंबड्या मोजते. पण हा ऐकेल तर ना. "डोळ्यावर पट्टी बांधून बसलेल्या मेकॅनिककडे गाडी कोण आणेल?" हे त्याचं एकच पालुपद.

काल तुझं पत्र वाचून दाखवलं. भित्रेपणाच्या ओळीला तो म्हणाला, "भित्रा तर मी आहे." मग म्हणाला, "पुन्हा वाच." वाचलं. मग म्हणाला, "फक्त दिव्याचं वाच." तिसऱ्यांदा वाचलं. "एक म्हणायच्या आत?" "हो, तसंच लिहिलं आहे." मग उठून आत गेला. फळीवरचा तेलाचा डबा खाली काढून त्यावरच्या आकड्यांवरून बोट फिरवत बसला, जणू ते उठावाचे छापलेले आहेत.

सकाळी उठल्या उठल्या म्हणाला, "तिला सांग, कागद नको. बाटलीत पाठव. इंजिन गरम असताना काढलेलं. नाक आणि बोटं अजून माझीच आहेत."

तेवढं कर. आणि त्याच्यावर रागावू नकोस, मी त्या कामाला पुरेशी आहे.

मामी


ओल कलू
२८ ऑगस्ट २०१६

प्रिय मामा,

बसच्या कंडक्टरजवळ पुडकं दिलं आहे. खोकल्याच्या औषधाची बाटली आहे, उकळून, वाळवून घेतलेली. बूच मेणाने बंद केलं आहे. दक्तारी सहा गोठे करून परत आले, तेव्हा गरम इंजिनातून काढलेलं तेल आहे. पाच-तीस, सहा आठवडे चाललेलं.

मला ते ठीक वाटतं. पण मला दहा वेळा ठीक वाटलं तरी अकराव्यांदा शंका येते, हे तुम्हाला माहीत आहे. म्हणून तुम्हीच बघा. बघा म्हणजे तुमच्या पद्धतीने बघा.

वाकेशो


चांगम्वे
४ सप्टेंबर २०१६

वाकेशो,

बाटली मिळाली. मामीने बूच उघडलं आणि म्हणाली, "काही वास येत नाही." तिला काय कळतंय, तिला माझ्या शर्टाचाही वास येत नाही म्हणते.

पेट्रोलचा वास आहे. थोडाच आहे, पण आहे. बोटांत घेऊन चोळलं. पाच-तीस म्हणतेस, तर नवं पाच-तीस आणायला इथल्या दुकानात माणूस पाठवला आणि दोन्ही हातांवर दोन्ही तेलं घेऊन बसलो. तुझं तेल पातळ पडलं आहे. अंगात जोर राहिलेला नाही. तुझा दक्तारी थंड गाडी चढाला घालतो, पाच मैलांवर बंद करतो, पुन्हा थंड, पुन्हा चढ. न जळलेलं पेट्रोल खाली तेलात उतरतंय. एखादा इंजेक्टरही गळत असेल, तो तपास. मुळात तीस आकड्याचं तेल, त्यात पेट्रोल मिसळलं, की तापलेल्या टर्बोत ते तीसचं राहत नाही. दिवा वेळेवर विझतो म्हणून तू निर्धास्त झालीस. दिवा सकाळची गोष्ट सांगतो, दुपारची सांगत नाही.

जुन्या पत्राचा थेंब आम्ही उन्हात धरला. मामीला विचारलं, सगळ्यात बाहेर काय दिसतं? ती म्हणते, एक फिकट कडं आहे, पाण्याच्या डागासारखं. ते पेट्रोल. तुलाही ते दिसायला हवं होतं. तू मधला रंग बघून खूश झालीस. आपण दोघांनीही तो थेंब नीट वाचला नाही. मला डोळे नव्हते, तुला घाई होती.

आता काय करायचं ते लिहून घे. पाच-तीस काढ. वीस-पन्नासचं नावही घेऊ नकोस, त्याबद्दल मी चुकलो. मी तिथे कधी आलो नाही, तुझं गोठलेलं गवत कधी बघितलं नाही. पाच-चाळीस ओत, पूर्ण सिंथेटिक. ठरलेल्या मैलांची वाट न बघता निम्म्यावर बदल. आणि दक्तारीला सांग, गोठ्यापाशी पोचल्यावर फ्लास्क काढायच्या आधी एक मिनिट इंजिन तसंच चालू ठेव. एका मिनिटाने माज उतरत नाही.

पाच-चाळीस. पहिला आकडा तुझा, दुसरा माझा.

आणखी एक. २० तारखेला उजव्या डोळ्याचं ऑपरेशन आहे. गॅरेजच्या दारावर पाटी लावली आहे. मामीने लिहिली : "मेकॅनिक डोळे दुरुस्तीला गेला आहे." तीन गिऱ्हाइकं नुसती पाटी वाचायला येऊन गेली.

मामा


ओल कलू
१८ सप्टेंबर २०१६

प्रिय मामा,

इंजेक्टर सापडला. चौथा, गळत होता. कडं मलाही दिसलं. मी दुसरा थेंब काढून खिडकीला लावला आणि मला माझीच लाज वाटली. पाच-चाळीस ओतून आठवडा झाला. पहाटे दिवा "एक"ला विझतो. दुपारी चढावरून उतरल्यावर मी बोटांत घेऊन चोळून बघते, तुमच्यासारखं डोळे मिटून. अंग आहे त्याला.

दक्तारी गोठ्यापाशी एक मिनिट गाडीतच बसून राहतात. लोकांना वाटतं, ते गायीसाठी प्रार्थना करतात. आज पंपावर कुणीतरी नेहमीसारखं विचारलं, "मेकॅनिक कुठे गेला?" मी पाना उचलायच्या आधीच दक्तारी म्हणाले, "एक तुमच्या समोर उभी आहे. दुसरा मोंबासात आहे, पण तो परवा सुट्टीवर जातोय."

ऑपरेशनची काळजी करू नका, असं मी लिहिणार नाही, कारण मी स्वतः करते आहे. मामीने रोज निरोप द्यावा. पोस्टाने उशीर होईल म्हणून हे पत्र बसच्या कंडक्टरजवळ देते आहे.

खाली थेंब सोडला आहे. मामी, तो कसा दिसतो ते त्यांना सांगू नकोस. पत्राची घडी घालून फळीवर ठेव, त्या डब्याशेजारी. पट्टी सुटली की त्यांच्या हातात दे.

तुमची
वाकेशो